वाचक एकेचाळीस

वाक्यात वावगा असा एकही शब्द नव्हता. हेमलता इंगोलेने ते तीनदा वाचून पाहिलं. ‘अपंग व्यक्तीसुद्धा हे यंत्र अगदी सहज चालवू शकेल.’ घरगुती ऑक्सिजन यंत्राची माहितीपुस्तिका, पान अकरा, खालून तिसरी ओळ. लिहिताना तिला उलट बरंच वाटलं होतं. तरी पडद्याच्या उजव्या कडेला पडताळा या नव्या तपासणी-प्रणालीने नऊ रेघा पिवळ्या करून ठेवल्या होत्या. त्यांतली एक, एकेचाळीस क्रमांकाची, इतरांपेक्षा पुष्कळ जाड होती.

वाळूजच्या त्या कारखान्यात हेमलता एकवीस वर्षं माहितीपुस्तिका लिहीत होती. यंत्र कसं सुरू करायचं, पाणी कुठवर भरायचं, कुठला दिवा लागला तर घाबरायचं आणि कुठला लागला तर घाबरायचं नाही, हे तिच्याइतकं नेमकं कुणी लिहीत नसे. शब्दांची तपासणीही तिला नवी नव्हती. दहा वर्षांपूर्वी आलेला पहिला तपासनीस म्हणजे निव्वळ एक यादी होती. यादीतला शब्द दिसला की त्याच्याखाली तो लाल रेघ ओढायचा. त्याने ‘नर-मादी जोड’ काढून ‘खुंटी आणि खोबण’ आणलं, ‘गुलाम पंपा’चा ‘दुय्यम पंप’ केला. ‘गृहिणीने गाळणी आठवड्यातून एकदा धुवावी’ या वाक्यातली गृहिणीही त्यानेच घालवली. गाळणी कुणीही धुवावी. हेमलताने कुरकुर केली नव्हती. कामगार काही दिवस जुनेच शब्द बोलत राहिले, मग त्यांच्याही तोंडी नवे बसले.

पडताळा मात्र यादी घेऊन आला नव्हता. त्याच्याकडे वाचक होते.

पडताळा सांभाळणाऱ्या विभागाच्या प्रमुखाने, इम्तियाज शेखने, पहिल्याच दिवशी सगळ्या लेखकांना बसवून ते समजावून सांगितलं होतं. वाचताना आपला डोळा ओळीवरून सरकत जातो असं आपल्याला वाटतं, पण तो उड्या मारत जातो. एका शब्दावर पाव सेकंद टेकतो आणि सात-आठ अक्षरं ओलांडून पुढे टेकतो. अर्थ लागला नाही तर मागे येऊन पुन्हा वाचतो. हे सगळं शंभर वर्षांपासून माहीत होतं. नवं सापडलं होतं ते वेगळंच. एखादा शब्द मनाला लागला, तर डोळा मागे येत नाही. बाहुली किंचित आकसते आणि पुढच्या चार-पाच शब्दांवर तो टेकतच नाही, त्यांच्यावरून पळत सुटतो. वाचणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. विचारलं तर तो म्हणतो, वाचलं की, त्यात काय. पण ते चार-पाच शब्द त्याच्या डोक्यात गेलेलेच नसतात. आणि ते नेमके ‘आधी वीज बंद करा’ असे असले, तर घरात मृत्यू येऊ शकतो. म्हणून गेल्या वर्षीपासून रुग्णाच्या घरी वापरायच्या प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेला ही तपासणी सक्तीची झाली होती.

त्यासाठी साठ स्वयंसेवकांनी आठ महिने एक खास चष्मा लावून रोजचं वाचन केलं होतं. अंध नसले तरी फार कमी दिसणारे, चाकाच्या खुर्चीत बसणारे, उशिरा अक्षरओळख झालेल्या बाया, हात थरथरणारे म्हातारे. त्यांचे डोळे कुठे टेकतात, कुठून परततात आणि कुठून पळतात यावरून प्रत्येकाची एक वाचक-प्रतिमा घडवली होती. नवं वाक्य दिलं की ती प्रतिमा सांगायची, मूळ माणसाचा डोळा इथे काय करेल. पळणार असेल तर पडद्यावरची त्याच्या क्रमांकाची रेघ पिवळी व्हायची. प्रतिमेला विचार नसतो, मन नसतं, हे इम्तियाजने दोनदा सांगितलं. पाऊस कधी येईल हे सांगणारं यंत्र भिजत नाही, तसं.

स्वयंसेवकांची नावं मोहोरबंद होती. प्रतिमेवर बोट ठेवलं की तीन-चार गोष्टी तेवढ्या दिसत. त्या दिवशी हेमलताने एकेचाळीसवर बोट ठेवलं. स्त्री. वय पंचवीस ते तीस. जन्मापासून चाकाची खुर्ची. मातृभाषा मराठी, वास्तव्य किनारपट्टीवर.

हेमलताने ‘सुद्धा’ आणि ‘अगदी सहज’ काढून टाकलं. रेघा हिरव्या झाल्या. तरी एकेचाळीसवरचं बोट तिने उचललं नाही.

तिची मुलगी शाल्मली सत्तावीस वर्षांची होती. जन्मापासून तिच्या पायांत बळ नव्हतं. कोकणातल्या एका खाजगी बंदरात ती नोकरीला होती.

नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना रेडिओवरून वाट सांगायची, असं ते काम. त्यासाठी पाचव्या मजल्यावरच्या मनोऱ्यात बसावं लागे. शाल्मलीने परीक्षा दिली, दोनशे जणांतून तिची निवड झाली, आणि सिडकोतलं घर सोडून ती एकटी निघाली. वडील दिगंबरराव ती एकोणीस वर्षांची असतानाच गेले होते. घरात राहिली ती हेमलता आणि दाराला बसवलेले रुंद उतार. मुलगी गेल्यावर चौथ्या दिवशी हेमलताने बंदराचे व्यवस्थापक भाटकर यांना एक पत्र लिहिलं. शाल्मलीला विचारलं नाही. आयुष्यभर जे करत आली तेच तिने केलं. क्रमांक टाकून सात सूचना लिहिल्या. सकाळी सहा ते आठ तिला काम देऊ नये, स्नायू आखडतात. खुर्चीचा डावा ब्रेक सैल आहे, तो रोज पाहावा. तिला मनोऱ्यात नेऊ नये, लिफ्ट बंद पडली तर ती अडकेल. चौथी सूचना अशी होती: ‘ती मदत नको म्हणाली तरी मदत करावी.’

भाटकर भले गृहस्थ होते. त्यांनी सगळ्या सूचना पाळल्या. शाल्मलीला तळमजल्यावरच्या नोंदी-विभागात बसवलं. आळीपाळीत आपलाही नंबर लागेल म्हणून तिने अकरा महिने वाट पाहिली. मग एक दिवस स्वतःच्या फाइलमध्ये तिला आईचं पत्र सापडलं.

त्या संध्याकाळी फोनवर ती ओरडली नव्हती. ती म्हणाली, “आई, तू माझी माहितीपुस्तिका लिहिलीस.” आणि फोन ठेवला.

त्याला चौदा महिने झाले होते. फोन ती उचलत नसे. दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास तिचा संदेश येई: ‘ठीक आहे.’ दोन शब्द. हेमलता उत्तरादाखल पानभर लिही, आणि पुढच्या रविवारपर्यंत पलीकडे शांतता असे.

आता एकेचाळीसकडे पाहता पाहता तिच्या मनात आलं ते तिला थोपवता आलं नाही. पुस्तिकेच्या मसुद्यात तिने ‘दिव्यांग’ लिहून पाहिलं. एकेचाळीस पळाली. ‘पांगळी’ लिहिलं, जो शब्द पहिल्या यादीने दहा वर्षांपूर्वीच हद्दपार केला होता. एकेचाळीसचा डोळा त्यावर शांतपणे टेकला आणि पुढे गेला. शाल्मली दहावीत असताना एकदा म्हणाली होती, पांगळी म्हण मला, निदान ते खोटं तरी नाही. मग हेमलताने एक असं वाक्य लिहिलं, ज्याचा ऑक्सिजनशी काही संबंध नव्हता. ‘तू घरीच थांब, आम्ही तुला सहलीचे फोटो दाखवू.’ एकेचाळीस त्या सबंध वाक्यावरून पळत गेली.

हा पुरावा नव्हता. चाकाच्या खुर्चीत वाढलेल्या कुठल्या मुलीने ते वाक्य ऐकलं नसेल? हे हेमलताला कळत होतं. तरी तिने एक नवी फाइल उघडली, तिला ‘सुटे भाग, परिशिष्ट’ असं नाव दिलं, आणि लिहायला सुरुवात केली: प्रिय शाल्मली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले की ती डबा मेजावरच उघडायची आणि एका हाताने जेवत पत्र दुरुस्त करायची. पहिला मसुदा दोन पानांचा होता. त्यात एकेचाळीस तेवीस ठिकाणी पळाली. ‘मला माफ कर’पाशी पळेल असं हेमलताला वाटलं होतं, तिथे ती सरळ टेकून पुढे गेली. पळाली ती ‘तुझ्या काळजीपोटीच’ या शब्दांवरून. ‘तू आई होशील तेव्हा तुला कळेल’वरून पळाली. ‘फक्त एक फोन कर’मधल्या ‘फक्त’वरून पळाली, आणि हेमलता चमच्यात भात तसाच ठेवून त्या शब्दाकडे पाहत राहिली. फक्त कुबड्या पकड. फक्त दोन पायऱ्या आहेत. फक्त बाही चढवायचीय, हात वर कर. हा शब्द तिने त्या मुलीला किती हजार वेळा ऐकवला असेल.

पाच आठवड्यांत तिने अडतीस मसुदे केले. पिवळं दिसलं की ते काढायचं, हे तिच्या हाताला सवयीचं होतं. ‘मी तुझ्यासाठी’ने सुरू होणारी सगळी वाक्यं गेली. दिगंबररावांचा उल्लेख गेला. स्वतःच्या गुडघेदुखीचा गेला. अडतिसाव्या मसुद्यात सहा ओळी उरल्या आणि त्या वरपासून खालपर्यंत हिरव्या होत्या. हेमलताने त्या मोठ्याने वाचल्या. चूक झाली हे कबूल होतं, दुःख नोंदवलेलं होतं, पुढे काय करता येईल ते लिहिलेलं होतं. कुठल्याही आईने कुठल्याही मुलीला पाठवलं तर चाललं असतं.

ते तिने पाठवलं नाही. का, हे तिला नीट सांगता आलं नसतं. पाठवलं की एकेचाळीसकडे बसायचं कारण संपलं असतं, हे त्यातलं बरंचसं खरं कारण होतं.

कारण एव्हाना ती पत्राशिवायही लिहू लागली होती. लहान लहान चिठ्ठ्या. कुंडीत पेरलेल्या कोथिंबिरीला आठ दिवस काही आलं नाही, नवव्या दिवशी सगळी एकदम उगवून आली, आणि कापायचा धीर होईना म्हणून बाजारातून जुडी विकत आणली, असं एका चिठ्ठीत होतं. एकेचाळीसचा डोळा ‘धीर होईना’वर तीन पट वेळ टेकला. हेमलता एकटीच हसली. मग समोरच्या इमारतीतल्या काकांनी गच्चीवर बांधलेल्या झोपाळ्याबद्दल लिहिलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने अनोळखी असून खांद्यावर डोकं टेकून झोप काढली, त्याबद्दल लिहिलं. कुणीतरी ते वाचत होतं. शब्दाशब्दावर कुणीतरी टेकत होतं, थांबत होतं, आणि तिने नीट लिहिलं तर पळून जात नव्हतं. काम साचलंय असं सांगून ती रविवारीही कारखान्यात येऊ लागली. घरी बोलायला कुणी नव्हतं, इथेही नव्हतं, पण इथल्या शांततेला निदान रेघा होत्या.

अशाच एका रविवारी नऊला फोन थरथरला. ती चिठ्ठीच्या मध्यावर होती. पडद्यावर ‘ठीक आहे’ दिसलं, तिने फोन पालथा घातला आणि लिहीत राहिली.

बुधवारी दुपारी वीजमंडळाचा संदेश शोधताना तिच्या बोटाखाली तो रविवारचा संदेश उघडला. ‘ठीक आहे. तू?’

पंधरा महिन्यांत पहिल्यांदा शाल्मलीने काही विचारलं होतं, आणि ते तीन दिवस न वाचलेलं पडून होतं. तिने लगेच उत्तर द्यायला हवं होतं. त्याऐवजी ती उठून मेजापाशी गेली आणि एकेचाळीससमोर एकेक उत्तर ठेवू लागली. ‘मी ठीक नाही’वरून एकेचाळीस पळाली. ‘उशीर झाला, माफ कर’ चाललं, पण त्याच्या पुढचं चाललं नाही. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी तिने निर्धोक ठरलेलं वाक्य पाठवलं: ‘मी बरी आहे. तुझी आठवण येते.’

रविवारी उत्तर आलं. ‘ठीक आहे.’ त्यापुढे काही नव्हतं. हेमलताने ते चार वेळा उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी इम्तियाजने तिला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, चहा मागवला, आणि काही वेळ कपाच्या कानाशी चाळा करत बसला. तो तिच्या हाताखाली शिकलेला माणूस होता. पहिल्या वर्षी त्याने लिहिलेल्या सूचना तिने लाल करून परत दिल्या होत्या. पडताळ्यात काय काय तपासलं गेलं याची दर तीन महिन्यांनी छाननी होते, असं त्याने सांगितलं. ‘सुटे भाग, परिशिष्ट’ या नावाखाली एकशे चार चिठ्ठ्या आणि एका पत्राचे अडतीस मसुदे निघाले होते. सगळे एकाच प्रतिमेसमोर चालवलेले.

हेमलताने काही नाकारलं नाही. तिने एकच विचारलं, ती शाल्मली आहे का.

इम्तियाज म्हणाला, ते त्यालाही माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगता आलं नसतं. मग त्याने जे सांगितलं त्याची तिने कल्पना केली नव्हती. स्वयंसेवकांनी आपली प्रतिमा वापरायला परवानगी दिली ती यंत्रांच्या पुस्तिकांपुरती. त्याबाहेर ती वापरली गेली तर त्यांना कळवणं बंधनकारक होतं. नुसतं कळवून भागत नव्हतं. आपल्या प्रतिमेला काय काय वाचायला लावलं, ते सबंध पाहण्याचा त्यांना हक्क होता.

“म्हणजे ते सगळं तिच्याकडे जाणार?” हेमलताने विचारलं. “पहिला मसुदासुद्धा?”

“सगळं, मॅडम. आज सकाळी गेलं.”

ती जागेवर परतली. त्या आठवड्यात तिने पुस्तिकेची एकवीस पानं पुरी केली, आणि त्यांतलं एक वाक्यही नंतर तिला आठवलं नाही. शाल्मली वाचत असेल, असं सारखं मनात यायचं. पहिल्या मसुद्यात काय नव्हतं? ‘तुझ्यापायी मी दुसरं आयुष्यच जगले नाही’ हेही होतं. ते तिने दुसऱ्याच दिवशी खोडलं होतं, पण लिहिलं होतं हे खरं. आणि तरी, कुठेतरी आत, तिला सुटल्यासारखंही वाटत होतं. एकदाचं सगळं पोचलं होतं.

शनिवारी इम्तियाज तिच्या मेजावर एक पाकीट ठेवून गेला. आत छापलेला एक कागद होता, खाली सही नव्हती.

‘इंगोलेबाई, मी तुमची मुलगी नाही. माझी आई आठ वर्षांपूर्वी वारली. तुमचं सगळं लिखाण मला पाठवलं गेलं आणि मी ते चार दिवस बसून वाचलं. ऑक्सिजन लावलेलं माणूस सूचना न कळल्यामुळे गुदमरू नये म्हणून मी माझे डोळे दिले होते. तुम्ही त्या डोळ्यांची मुलगी केलीत, आणि मला विचारलं नाहीत. मी माझी प्रतिमा काढून घेते आहे. कोथिंबिरीची चिठ्ठी मला आवडली, हे सांगायला मी बांधील नाही, तरी सांगते.’

सोमवारी पडताळा उघडला तेव्हा चाळीसच्या खाली बेचाळीस होता. मधली जागा यंत्राने मिटवून टाकली होती, जणू तिथे कधी काही नव्हतंच. हेमलताला लेखी ताकीद मिळाली. सहा महिने तिचे मसुदे दुसरं कुणीतरी तपासणीला लावणार होतं. ते तिने निमूटपणे मान्य केलं. जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनमध्ये जाऊन बसली. लेखा विभागातल्या बायकांनी सरकून जागा दिली, काय आणलंय म्हणून विचारलं, आणि परत त्यांच्या बोलण्याला लागल्या. त्या आवाजात बसून तिला कळलं की गेल्या दोन महिन्यांत ती हाडामांसाच्या एकाही माणसाशी पाच वाक्यं सलग बोललेली नव्हती.

‘मला विचारलं नाहीत.’ कागदातल्या इतर शब्दांपेक्षा हे तीन शब्द तिच्याबरोबर घरी आले. भाटकरांना पत्र लिहिताना विचारलं नव्हतं. एकेचाळीसला विचारलं नव्हतं. अडतीस मसुद्यांत तिने चुकीचे शब्द शोधून शोधून काढले, आणि शाल्मलीला नेमकं काय हवंय, हा प्रश्न त्यांतल्या एकाही मसुद्यात नव्हता.

संध्याकाळी तिने भाटकरांना दुसरं पत्र लिहायला घेतलं. आधीचं पत्र रद्द समजावं, शाल्मलीला मनोऱ्यात काम द्यावं. पाच मुद्दे झाले, क्रमांक पडले, पत्ता लिहून झाला. पाठवायच्या खुणेवर बोट गेलं आणि तिथेच राहिलं. हेही तिने विचारल्यावाचूनच लिहिलं होतं.

ते पुसून तिने शाल्मलीला संदेश लिहिला: ‘भाटकरांना लिहिलेलं पत्र मला मागे घ्यायचंय. तुला चालेल का? चालणार असेल तर मजकूर तू लिही, मी सही करीन.’ दुसऱ्यांदा न वाचता तिने तो पाठवून दिला. इतकी वर्षं लिहीत असून, न वाचता काही पाठवण्याची तिची ती पहिलीच वेळ होती.

उत्तर आलं नाही. एक दिवस गेला, चार गेले. रविवारी ती सकाळपासून फोन समोर ठेवून बसली. नऊ वाजले, दहा वाजले, दुपार झाली. त्या रविवारी ‘ठीक आहे’सुद्धा आलं नाही. सोळा महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. तिने गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, कपडे दुमडले, आणि मग खुर्ची दारातल्या उताराशी ओढून तिथेच बसून राहिली. फोन करावा असं दहादा वाटलं. बरी आहेस का, एवढं तरी विचारावं. तिने केला नाही. तिने विचारलं होतं. उत्तर द्यायचं की नाही, हे आता शाल्मलीचं होतं. इतकं साधं काम इतकं जड असेल, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

बुधवारी कारखान्याच्या बसमध्ये असताना शाल्मलीकडून एक फाइल आली. सोबत अक्षर नाही. आत भाटकरांच्या नावाने सात-आठ ओळींचं पत्र होतं. ‘मी, हेमलता इंगोले, शाल्मलीची आई. तिच्या परवानगी शिवाय मी तिच्याबद्दल आपणास लिहिले होते. ते मला लिहायला नको होते. त्या पत्रातील दुसरी सूचना, डाव्या ब्रेकबद्दलची, खरी होती. तो ब्रेक तिने बदलून घेतला आहे. पहिली अर्धी खरी होती, त्याबद्दल ती स्वतः बोलेल. बाकीच्या माझ्या भीतीतून आल्या होत्या. चौथी सूचना मी विशेषतः मागे घेत आहे.’

माफी, प्रेम, आठवण असलं काही नव्हतं. ‘माझ्या भीतीतून’ या शब्दांपाशी हेमलता मागे येऊन पुन्हा वाचू लागली. मुलीने तिच्या तोंडी घातलेलं ते वाक्य तिच्या अडतीस मसुद्यांपैकी एकातही तिला लिहिता आलं नव्हतं. तिसऱ्या थांब्यापर्यंत तिने सबंध पत्र शब्दन्‌शब्द वाचलं, खाली सही केली आणि जसंच्या तसं भाटकरांना पाठवलं. शाल्मलीला प्रत लावली.

पुढच्या मंगळवारी, कँटीनमधून परत येताना जिन्यात फोन वाजला. नाव दिसलं तेव्हा हेमलता दोन पायऱ्यांच्या मध्ये होती. ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली.

“‘परवानगी शिवाय’ मी तोडून लिहिलं होतं,” शाल्मली म्हणाली. आवाज होता तसाच होता, थोडा खरखरीत. “ते जोडून लिहायचं असतं.”

“पाहिलं मी.”

“पाहिलंस आणि तसंच जाऊ दिलंस?”

“मजकूर तुझा होता.”

पलीकडून वाऱ्याची घरघर आली आणि लांबवर एखाद्या जहाजाचा भोंगा. हेमलताजवळ विचारण्यासारखं पुष्कळ होतं. खाणं, झोप, त्या रविवारी काय झालं होतं. तिने एकही विचारलं नाही. जिन्यावरून दोन माणसं खोका घेऊन खाली गेली, त्यांना तिने अंग चोरून वाट दिली.

मग शाल्मलीने सांगितलं की भाटकरांनी गुरुवारी तिला वर बोलावलंय. वर म्हणजे मनोऱ्यात. पहिले पंधरा दिवस कुणाच्या तरी शेजारी बसून ऐकायचं, नंतर रेडिओ हातात.

हेमलताच्या जिभेच्या टोकावर एक शब्द येऊन बसला. तिने ओठ मिटून घेतले आणि नुसतं “बरं” म्हटलं. पुन्हा तीच घरघर. पण फोन चालू होता.

“लिफ्ट दोन आहेत, आई,” शाल्मली आपणहून म्हणाली.